शिळ्या माहितीवर धावणारा यंत्रमानव

यंत्रमानवाविषयी बोलायचे म्हटले की आपल्याकडे दोनच सूर ऐकू येतात. तो माणसाची नोकरी खाणार, हा एक. आणि तो माणसाचे सारे कष्ट हलके करणार, हा दुसरा. दोन्ही सूर जाणत्यांनी पुरेसे आळवून झाले आहेत, तेव्हा त्यांत माझा आवाज मिसळण्याची गरज नाही. मला सांगायचे आहे ते याहून लहान, पण माझ्या मते अधिक निकडीचे आहे. यंत्रमानवाकडे माहिती किती वेगाने येते आणि ती पचवायला त्याला किती वेळ लागतो, या दोहोंचा मेळ बसला नाही, तर जास्तीची माहिती त्याला शहाणा करीत नाही; ती त्याला आंधळा करते. हा मेळ बसवणे म्हणजे एक हिशेबच आहे, आणि तो एकट्या अभियंत्यांवर सोडून चालणार नाही.

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थिनीने या विषयावर लिहावे याचे काही वाचकांना नवल वाटेल. मलाही वर्षापूर्वी वाटले असते. पण गेल्या गणेशोत्सवात एका यंत्राच्या खर्चावर सही माझी होती आणि ते यंत्र फसले तेव्हा जाब मलाच द्यावा लागला. त्या जाबातूनच हा लेख निघाला आहे.

हिमायतनगरात आमच्या गल्लीत दरवर्षी गणपती बसतो. मराठी, कन्नड, तेलुगू अशी सर्व घरे वर्गणी देतात. अभियांत्रिकी शिकणाऱ्या चार-पाच मित्रांनी यंदा टूम काढली की आरतीनंतर प्रसादाचे ताट माणसाने न फिरवता एका छोट्या गाडीने फिरवावे. गाडीला चाके, एक कॅमेरा, अंतर मोजणारा एक संवेदक आणि पोटात तळहाताएवढा संगणक. जमिनीवरच्या पांढऱ्या पट्टीवरून तिने चालायचे, समोर कोणी आले की थांबायचे, प्रसाद घेतला गेला की पुढे निघायचे. वर्गणीतून थोडे पैसे देण्याचे ठरले आणि खजिनदार म्हणून हिशेब माझ्याकडे आला. कोठीच्या गुजराती गल्लीतून मोटारी आल्या, जुना कॅमेरा एकाच्या घरी पडून होता. पहिल्या चाचणीत गाडी रडतखडत का होईना, चालली. ती अंमळ बिचकत चाले, पण समोर पाय आला की थांबे.

तो जुना कॅमेरा सेकंदाला आठ-नऊ चित्रेच देई. मंडळींना ते कमीपणाचे वाटले. सेकंदाला तीस चित्रे देणारा नवा कॅमेरा चोवीसशे रुपयांना मिळत होता. मी विचारले, "जास्त चित्रांनी काय होईल?" उत्तर आले, "जास्त दिसेल." मला ते पटले. कोणालाही पटेल. मी बिलावर सही केली.

उत्सवाच्या तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आरती झाली आणि गाडी निघाली. पहिले दोन-तीन सेकंद ती इतकी झोकात गेली की टाळ्या पडल्या. मग ती पट्टी सोडून भरकटू लागली. एका मित्राने पुढे जाऊन तिच्यासमोर हात धरला. गाडी थांबली नाही. त्यालाच हात काढून घ्यावा लागला. आणि मग, समोर काहीही नसताना, चार-पाच सेकंदांनी ती मोकळ्या जागेत नम्रपणे थांबली! लोक हसले. पण हसू फार टिकले नाही. गाडी पुन्हा निघाली ती थेट मांडी घालून बसलेल्या एका लहान मुलाच्या रोखाने. त्याच्या आजीने त्याला ओढून घेतले, गाडी खुर्चीवर आदळली, ताट उपडे झाले आणि प्रसाद सतरंजीवर सांडला. कोणाला लागले नाही, हे नशीब. वर्गणी गोळा करणाऱ्या ज्येष्ठ काकांनी मला बाजूला बोलावून शांतपणे विचारले, "बाळ, नवीन वस्तू घेतल्यावर यंत्र बिघडले कसे? पैसे कशाला घातलेस?"

या प्रश्नाचे उत्तर त्या रात्री आमच्यापैकी कोणाकडेही नव्हते. मोटारी ठीक होत्या, कॅमेरा उत्तम होता, आज्ञावलीत एक अक्षरही बदललेले नव्हते.

उत्तर सापडले ते एका शब्दापाशी. मित्र आपसांत बोलताना वारंवार "क्यू" म्हणत होते: चित्रे क्यूमध्ये येतात, क्यूमधून आज्ञावली ती उचलते. माझे शालेय शिक्षण मराठी माध्यमातून झालेले. तांत्रिक शब्द कानी पडला की मी मनातल्या मनात त्याचे मराठी करून पाहते. क्यू म्हणजे रांग. रांग म्हटल्याबरोबर माझ्या डोळ्यांपुढे बँक उभी राहिली आणि मी विचारले, "त्या रांगेत आत्ता कितीजण उभे आहेत?" कोणी मोजलेच नव्हते. मोजले तेव्हा सगळा उलगडा झाला.

एक चित्र तपासून पट्टी कुठे आहे आणि समोर कोण आहे हे ठरवायला त्या छोट्या संगणकाला सेकंदाचा दहावा भाग लागे. म्हणजे सेकंदाला दहा चित्रे तो हातावेगळी करी. जुना कॅमेरा आठ-नऊ देत होता; रांग लागतच नव्हती. नवा तीस देऊ लागला. दर सेकंदाला वीस चित्रे शिल्लक. दहा सेकंदांत आली तीनशे, तपासली गेली शंभर, रांगेत उरली दोनशे. दहाव्या सेकंदाला गाडीच्या हाती जे चित्र होते ते साडेसहा सेकंदांहून जुने होते! मित्राचा हात गाडीला दिसलाच नाही असे नव्हे. तो तिला दिसला, पण हात काढून घेतल्यानंतर. ती मोकळ्या जागेत थांबली ती त्या जुन्या हातासाठी. आपण समजत होतो की गाडी बघून चालते आहे. ती आठवणींवर चालत होती.

या चुकीचे वैशिष्ट्य असे की ती प्रारंभी दिसत नाही. रांग रिकामी असताना सर्व काही उत्तम चालते, आणि प्रात्यक्षिक नेमके तेवढ्याच वेळात आटोपले तर टाळ्याही मिळतात. तूट दर सेकंदाला साठत जाते. ज्या दुकानाची रोजची विक्री खर्चाहून कमी आहे, तेही पहिल्या आठवड्यात झगमगतच असते.

उपाय एका पैचाही नव्हता. रांग एका चित्राची करायची. नवे चित्र आले की आधीचे, न पाहिलेले, टाकून द्यायचे. मग संगणक मोकळा होताच त्याच्या हाती जे चित्र पडेल ते फार तर सेकंदाच्या तिसाव्या भागाइतके जुने असेल. तपासणीचा दहावा भाग त्यात मिळवला तरी निर्णय साधारण ०.१३ सेकंद जुन्या दृश्यावर होतो. आमची गाडी सेकंदाला अर्धा मीटर चाले. तेवढ्या वेळात ती सहा-सात सेंटिमीटर सरकते. हे चालण्यासारखे आहे. साडेसहा सेकंदांत ती सव्वातीन मीटर जाते, आणि आमचा सारा मांडव काही त्याहून फार मोठा नव्हता.

इथे एक बारकावा आहे. रांग भरली की काय टाकायचे, नवे की जुने? समजा रांग दहा चित्रांची आहे. भरल्यावर नव्याला दार बंद केले, तर आत शिरलेल्या प्रत्येक चित्राला आपल्या पाळीसाठी पूर्ण एक सेकंद थांबावे लागते. उलट जुने काढून नव्याला जागा दिली, तर रांगेत नेहमी शेवटची दहाच चित्रे राहतात आणि हाती येणारे चित्र एकतृतीयांश सेकंदाहून फारसे जुने नसते. रांग तेवढीच, संगणक तोच, खर्च तोच. केवळ कोणाला बाहेर काढायचे या नियमाने तिपटीचा फरक पडतो. हा नियम कोणीतरी ठरवतेच; जाणूनबुजून ठरवला नाही तर आज्ञावलीत आधीपासून जो बसवलेला असेल तो लागू होतो.

हे कळल्यावर आमच्या मंडळींना टाकून देण्याचा भलताच उत्साह चढला. एकाने सगळ्याच संवेदकांना एकच नियम लावला: शेवटचे तेवढे ठेवा, बाकी फेका. आणि गाडी नव्याने चुकली. आता ती माणसांपुढे चोख थांबे, पण जिथवर जायचे तिथे न थांबता पुढे जाऊन भिंतीला नाक लावी. कारण शोधायला आणखी एक संध्याकाळ गेली.

चाक किती फिरले हे मोजणारा एक संवेदक गाडीत होता. तो थोड्या थोड्या वेळाने निरोप पाठवी: "आणखी चार खुणा", "आणखी पाच खुणा". यांची बेरीज करून गाडी आपण किती अंतर आलो ते ठरवी. त्यातले काही निरोप फेकले गेले की गाडीला वाटे, आपण कमीच चाललो आहोत. म्हणून ती आणखी चाले.

हा घोटाळा मात्र मला, कदाचित त्या सर्वांच्या आधी, समजला. दुकानात दोन प्रकारचे कागद येतात. एक म्हणजे बेगम बाजारातल्या आजच्या भावाची चिठ्ठी. दुपारची चिठ्ठी आली की सकाळची निरुपयोगी. ती खुशाल टोपलीत टाका. दुसरा कागद म्हणजे पावती. पावती कितीही जुनी असो, ती टाकता येत नाही; एक गहाळ झाली की खाते जुळत नाही. कॅमेऱ्याचे चित्र ही भावाची चिठ्ठी आहे. चाकाची खूण ही पावती आहे. आमची पहिली चूक ही की चिठ्ठ्या पावत्यांसारख्या जपल्या. दुसरी चूक ही की पावत्या चिठ्ठ्यांसारख्या फेकल्या. माझ्या मते या विषयातल्या बहुतेक चुका या दोन प्रकारांत बसतात.

मग मी सुचवले की चाकाने "आणखी चार" असे न सांगता "सुरुवातीपासून एकूण नऊशे बारा" असे सांगावे. व्यवहार कळवण्याऐवजी शिल्लक कळवावी. मधले दोन निरोप हरवले तरी तिसऱ्यात पूर्ण बेरीज असतेच. पावतीचे काम भागते आणि शेवटचा कागद तेवढा ठेवण्याची सोयही राहते. हे अभियंत्यांना नवे आहे असा माझा दावा नाही. ज्यांनी मोठी यंत्रे घडवली त्यांना ते कधीचेच ठाऊक असणार. आमच्या मांडवात ते खतावणी लिहिणाऱ्या मुलीने सुचवले, एवढेच मला नोंदवायचे आहे.

मेळ न बसण्याचा एक उलट प्रकारही आहे. तिथे माहिती सावकाश येते आणि आज्ञावली उतावळी असते. अंतर मोजणारा आमचा संवेदक ध्वनीची हाक मारून प्रतिध्वनीची वाट पाहतो. हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. चार मीटरवरच्या भिंतीकडे जाऊन परत यायला त्याला आठ मीटर चालावे लागते आणि सुमारे २४ मिलिसेकंद लागतात, म्हणजे सेकंदाच्या हजारांश भागांतले चोवीस. आमच्या आज्ञावलीने दर १० मिलिसेकंदांनी हाक मारायला सुरुवात केली. परिणाम असा की दोन मीटरवरच्या भिंतीवरून पहिल्या हाकेचे उत्तर सुमारे बाराव्या मिलिसेकंदाला येई, तेव्हा दुसरी हाक नुकतीच सुटलेली असे. आज्ञावलीला वाटे की हे दुसरीचेच उत्तर, आणि भिंत तीस सेंटिमीटरवर आली आहे! गाडी घाबरून थांबे. इथे कितीही शक्तिमान संगणक आणला तरी उपयोग नाही. ध्वनी आपल्या वेगानेच जाणार. उपग्रहांवरून आपले स्थान सांगणारी कितीतरी साधी उपकरणे सेकंदाला एकच उत्तर देतात. त्यांना दहा वेळा विचारले तर तेच उत्तर दहा वेळा मिळते, आणि आज्ञावलीने ती दहा निरीक्षणे मानली तर तिचा आत्मविश्वास उगाच वाढतो. एकाच साक्षीदाराला दहादा पिंजऱ्यात उभे केले म्हणून दहा साक्षी होत नाहीत.

आमच्या मांडवातल्या फजितीवरून मी फार मोठे निष्कर्ष काढते आहे, असे कोणी म्हणू नये म्हणून एक थोर उदाहरण देते. २० जुलै १९६९ रोजी अपोलो ११ चे चांद्रयान चंद्रावर उतरत असताना त्याच्या संगणकाने १२०२ आणि १२०१ या क्रमांकांचे इशारे दिले. तो संगणक आजच्या मानाने अगदीच चिमुकला होता. लिहिता-पुसता येणारी त्याची स्मृती दोन हजारांवर थोड्याच शब्दांची होती. उतरण्याची मुख्य गणिते तो दर दोन सेकंदांनी नव्याने करी. त्या वेळी ज्याची गरज नव्हती असे एक रडार विद्युत जोडणीतल्या विसंगतीमुळे निरर्थक स्पंदने पाठवीत राहिले, आणि ती मोजण्यात संगणकाचा जवळजवळ सातवा हिस्सा वेळ जाऊ लागला. दोन सेकंदांचे काम दोन सेकंदांत संपेना. जुने संपण्याआधी नवे येऊन ठेपे. अगदी आमच्या गाडीचीच गत! पण तिथे जे घडले ते आमच्याकडे घडले नाही. आज्ञावली रचणाऱ्यांनी कामांचा अग्रक्रम आधीच ठरवून ठेवला होता. ताण असह्य झाला की संगणक क्षणात सर्व थांबवून पुन्हा सुरू होई, यान सावरण्याचे काम जिथल्या तिथे उचली आणि कमी महत्त्वाची कामे सोडून देई. पृथ्वीवरच्या नियंत्रकांनी इशाऱ्याचा अर्थ ओळखून पुढे जाण्यास सांगितले आणि यान उतरले. तो संगणक वेगवान होता म्हणून यान वाचले नाही. अडचणीत काय सोडायचे हे त्याला आधी सांगून ठेवलेले होते, म्हणून वाचले.

याची दुसरी, दुःखद बाजूही सांगितली पाहिजे. १८ मार्च २०१८ च्या रात्री अमेरिकेत ॲरिझोना राज्यातल्या टेम्पी गावी उबर कंपनीच्या चाचणीतल्या स्वयंचलित गाडीने सायकल हाती धरून रस्ता ओलांडणाऱ्या एका स्त्रीला धडक दिली आणि ती मरण पावली. तिथल्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने २०१९ मध्ये दिलेल्या निष्कर्षांत नमूद आहे की गाडीच्या रडारला ती आघातापूर्वी ५.६ सेकंद आधी दिसली होती. म्हणजे माहिती वेळेवर आली होती. पण ती वाहन आहे, सायकल आहे की आणखी काही, याविषयी आज्ञावलीचे मत बदलत राहिले, आणि मत बदलले की आधीच्या हालचालींचा इतिहास तिचा पुढचा मार्ग ठरवताना धरला जात नसे. शिवाय धोका ओळखल्यावरही एक सेकंद थांबण्याची तरतूद होती. देखरेखीला बसलेल्या व्यक्तीचे लक्षही रस्त्यावर नव्हते. दोष अनेक होते. पण आपल्या विषयापुरता धडा असा की शिळे चित्र टाकणे वेगळे आणि त्या चित्रातून मिळालेले ज्ञान टाकणे वेगळे. चिठ्ठी फेकावी, चिठ्ठीवरून भाव चढतो आहे की उतरतो आहे हे जे कळले, ते फेकू नये.

आता माझ्या म्हणण्यावरचा सर्वांत मोठा आक्षेप. "हे सगळे कशाला? मोठा संगणक घ्या, प्रश्न सुटेल." आमच्याही मंडळींनी हेच म्हटले होते आणि पुन्हा पैसे मागितले होते. मी या वेळी दिले नाहीत. मोठा संगणक मर्यादा पुढे ढकलतो, नाहीशी करीत नाही. आणि मर्यादा पुढे गेली की माणूस आणखी वेगवान कॅमेरा आणतो. दुसरे असे की चित्र तपासायला दहावा भाग सेकंद लागतो ही सरासरी आहे. समोर एकच माणूस असेल तर कमी, आरतीची गर्दी असेल तर त्याच्या दुप्पट-तिप्पट. यंत्राची खरी परीक्षा गर्दीतच असते आणि सरासरी नेमकी तिथेच दगा देते. महिन्याची सरासरी शिल्लक चांगली असलेल्या व्यापाऱ्याचाही गुरुवारचा धनादेश परत येऊ शकतो. व्यापार सांभाळायचा तर गुरुवारचा विचार करावा लागतो. यंत्रमानवाचे वेळापत्रकही त्याच्या सर्वांत वाईट क्षणावरून बेतले पाहिजे. आणि संकटात थांबण्याचे काम तर कोणत्याही रांगेत उभे करू नये; त्याला स्वतंत्र दार हवे.

हा विषय आपल्या दाराशी आला आहे. येथून जवळच संगारेड्डी जिल्ह्यात कंदी येथे आय.आय.टी. हैदराबादच्या आवारात 'तिहान' हे स्वयंचलित वाहनांच्या चाचणीचे केंद्र आहे. त्याच्या चाचणी-मार्गाचे उद्घाटन केंद्रीय मंत्री डॉ. जितेंद्र सिंह यांच्या हस्ते ४ जुलै २०२२ रोजी झाले. चालकाविना चालणारी गाडी आणि विमान दोन्ही तिथे तपासली जातात. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जाते. आमच्या गाडीत जो उशीर खुर्चीवर आदळून भागला, तो रस्त्यावर भागणार नाही. आणि अशा गाड्या, गोदामातली यंत्रे, रुग्णालयातली यंत्रे विकत घेण्याच्या कागदांवर उद्या सह्या करणार आहेत ते कोण? बहुतेक आपल्यासारखे वाणिज्य शाखेचे पदवीधरच. विक्रेता सांगेल, "सेकंदाला साठ चित्रे," आणि आपण माझ्यासारखेच म्हणू, "वा, जास्त दिसेल."

म्हणून माझी सूचना साधी आहे. कोणतेही असे यंत्र घडवताना वा घेताना एक कागद आधी लिहावा. प्रत्येक संवेदकाला एक ओळ, आणि चार रकाने: माहिती सेकंदाला किती वेळा येते, ती तपासायला, गर्दीच्या वेळी, किती वेळ लागतो, ती किती जुनी चालेल, आणि ती चिठ्ठी आहे की पावती. पहिल्या दोन रकान्यांचा गुणाकार एका सेकंदाहून जास्त झाला तर तूट आहे. मग काय टाकायचे ते त्याच ओळीत लिहावे आणि खाली सही करावी. तीस गुणिले एकदशांश म्हणजे तीन. एका सेकंदात तीन सेकंदांचे काम! हा गुणाकार सातवीतल्या मुलालाही येतो. तो मी सही करण्यापूर्वी केला नाही, ही माझी चूक. आपल्या महाविद्यालयांतल्या प्रदर्शनांत यंत्रे मांडणाऱ्यांकडूनही परीक्षकांनी हा कागद मागावा, आणि यंत्र दोन मिनिटे नव्हे तर चांगले अर्धा तास चालवून पाहावे, असे मी प्राध्यापकांना नम्रपणे सुचवते.

हे सर्व मी माझ्या कन्नड विभागातल्या मैत्रिणीला सांगितले तेव्हा ती हसून म्हणाली, "आमच्याकडे म्हणतात, निधानवे प्रधान." कन्नडमध्ये निधान म्हणजे सावकाशपणा, सावकाशी हीच मुख्य, असा त्याचा भाव. मराठीत निधान म्हणजे ठेवा. दोन्ही भाषा घरात असल्यामुळे मला दोन्ही अर्थ एकदमच ऐकू आले. पण मी तिला म्हटले की इथे नुसते सावकाश असूनही भागत नाही. जितके झेपेल तितकेच हाती घ्यावे आणि जे घेतले ते ताजे असावे, एवढेच म्हणणे आहे. ती म्हणाली, "मग निधानचा अर्थ तोच."

अनंत चतुर्दशीच्या सकाळी गाडी पुन्हा निघाली. कॅमेरा तोच चोवीसशे रुपयांचा, संगणकही तोच. तिने तीस चित्रांपैकी वीस न पाहता टाकून दिली आणि एकवीस घरांना प्रसाद वाटला. वाटेत तोच लहान मुलगा मुद्दाम तिच्यापुढे येऊन उभा राहिला; आजीने श्वास रोखला, आम्हीही. गाडी थांबली. तो बाजूला झाला, आणि ती लगेच निघाली.

काकांना मी हिशेबाची वही दाखवली. चोवीसशे रुपयांच्या नोंदीपुढे मी लिहून ठेवले होते: "खरेदी गुणाकार न करता केली. जबाबदार : खजिनदार." त्यांनी ते वाचले, चष्मा पुसला आणि वही परत देत म्हणाले, "पुढच्या वर्षीही वही तुझ्याकडेच ठेव."